धूर कुणाचा, नुकसान कुणाचं?

बागवाला, तासगाव
नमस्कार मंडळी. माझी दीड एकर द्राक्षबाग आहे. २०१९ला छाटणी लवकर घेतली होती. ऑक्टोबरात बाग ऐन फुलोऱ्यात आणि पाऊस थांबेचना. दिवसातून दोनदा फवारलं, तरी दावण्या रोगानं घड हातचे गेले. त्या कर्जाचं व्याज पुढं कितीतरी दिवस फेडलं. आता पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, हवा बिघडवतायत भारत आणि चीनच, तिकडच्या देशांनी धूर कमी केलाय." हे खरं आहे का? मग भरपाई मागायची कुणाकडं?

भूगोल शिक्षक, मिरज
दादा, भाचा फक्त चालू सालाचा हिशेब बघतोय. कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षं टिकतो, म्हणून मागची बाकीही धरावी लागते. १७५० पासून कोळसा-तेल जाळून जेवढा हवेत गेला, त्यातला जवळजवळ पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारताचा तीन-चार टक्के. आजही माणशी बघितलं तर आपण वर्षाला सुमारे २ टन सोडतो, अमेरिकन माणूस १४ च्या आसपास. चीन मात्र माणशी ८ टनांच्या घरात गेलाय, तेव्हा त्याला आणि आपल्याला एका दावणीला बांधू नये.

१९९२ च्या रिओ परिषदेत सगळ्यांनी मान्य केलं की जबाबदारी सामाईक आहे, पण सारखी नाही. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द दिला. तो पाळला गेला २०२२ मध्ये, आणि त्यातही बरीचशी रक्कम कर्जाऊ. तुमच्यासारख्याला कर्जच द्यायचं, ही मदत कसली?

कृष्णाकाठची
सरांचे आकडे मला पटतात. २०१९ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमचं घर आठ दिवस पाण्यात होतं, माझ्या सासूबाईंना बोटीतून काढलं. त्याचा जाब बाहेरच्या देशांना विचारलाच पाहिजे.

पण उन्हाळ्यात नदी आटत आली की आमच्या घाटावर मासे तडफडत वर येतात. पाणी चहासारखं तांबडं, वास असा की गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मळीचं सांडपाणी, निघतो. तो नदीत आला की पाण्यातला प्राणवायू संपतो. गावच्या बैठकीत विचारलं तर कारखान्याच्या एका संचालकांनी ऐकवलं, "ताई, इंग्लंडनं आधी नद्या घाण केल्या, मगच श्रीमंत झालं." रिओतलं वाक्य असं वापरायला लागले तर कसं व्हायचं? हवेतल्या कार्बनचा हिशेब जगाशी. नदीत सोडलेल्या मळीच्या पाण्याला अमेरिका काय करणार?

बागवाला, तासगाव
ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझा एकरभर ऊस जातो त्या कारखान्यालाही डिस्टिलरी आहे, आणि मी तिथला सभासद आहे. म्हणजे मालकच की. दरवर्षी सभेला जातो, दर आणि साखरेचं विचारून परत येतो. स्पेंटवॉश कुठं जातो हे आजवर एकदाही विचारलं नाही. यंदा प्रश्न लेखी देणार आहे, तारखेच्या आत. मासे मेले त्या दिवसांच्या तारखा आणि फोटो तुमच्याकडं असतील तर इथं टाका. सर, प्रश्न नीट लिहायला मदत कराल का?

भूगोल शिक्षक, मिरज
रविवारी मिरजेला या. कारखान्याच्या वार्षिक अहवालाची प्रत घेऊन या.