सुन्न की विषण्ण?

प्रश्न : विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ नुकतीच वाचून संपवली. शेवटानं मनाचं जे झालं, त्याला ‘सुन्न’ म्हणावं की ‘विषण्ण’? की दोन्ही एकच?

– एकच नाहीत. ‘रणांगण’बद्दल बोलताना तर हा फरक जपायलाच हवा असं मला वाटतं.

‘सुन्न’ मुळात संस्कृत ‘शून्य’, प्राकृतातून आपल्याकडे आलेला. ‘घर सुनं झालं’मधलं ‘सुनं’ त्याचंच भावंड. मुंग्या येऊन पाय सुन्न पडतो तेव्हा तो दुखत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. मनाचंही तसंच. सुन्न झालेल्या माणसापर्यंत दुःख अजून पोचलेलंच नसतं.

‘विषण्ण’ ‘सद्’ धातूवरून आला. सद् म्हणजे बसणं, खचणं. ‘विषाद’ही त्यातलाच. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, ‘सीदन्ति मम गात्राणि’. तिथंही हाच धातू आहे. पण अर्जुनाची वाचा बसलेली नाही. तो बोलतोय, कारणं देतोय, समोर कोण कोण उभं आहे ते त्याला लख्ख दिसतंय. त्या दिसण्यानंच तो खचलाय. विषण्णतेत जाणीव शाबूत असते, म्हणून ती जड असते.

आता १९३९ सालची ही कादंबरी बघा. नाझी जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर एका बोटीवर भेटतात. तो मुंबईला उतरतो, बोट तिला घेऊन पुढे जाते आणि पुढच्या प्रवासात ती समुद्रात जीव देते. हे कळतं त्या क्षणी वाचक सुन्न होतो, खरं आहे. पण मग बोटीवरचं त्यांचं हसणं-बोलणं एकेक करून आठवायला लागतं, चक्रधरचं कचरणं आठवतं, आणि तिला कुठल्याच किनाऱ्यावर जागा नव्हती हे नीट उमगतं. तिथून पुढे जे दिवसेंदिवस मनात राहतं, ते ‘विषण्ण’. मी तरी हाच शब्द वापरेन.

– मग ‘उद्विग्न’ का नाही?

– त्यात ‘विज्’ आहे, थरथरणं, हलणं. उद्विग्न माणसाला स्वस्थ बसवत नाही, येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात, बहुतेकदा संतापही असतो. अन्यायाची कादंबरी वाचून माणूस उद्विग्न होतो. ‘बनगरवाडी’च्या शेवटी दुष्काळानं गाव उठतं तेव्हा मात्र यातला एकही शब्द मला पुरत नाही, तिथं ‘हुरहूर’च.

हल्ली प्रत्येक दुःखान्त पुस्तकाला सरसकट ‘सुन्न करणारं’ म्हणतात, त्याचं वाईट वाटतं. एवढे शब्द हाताशी असताना!

– आणि ‘सन्न’?

– ‘सन्न’ क्षणाचा. बातमी ऐकून माणूस सन्न होतो. ‘आठवडाभर सन्न होतो’ असं कुणी म्हणत नाही. ‘आठवडाभर विषण्ण होतो’ मात्र खुशाल म्हणावं.