मोपाच्या टॅक्सीवरून निघालेलं भांडण थेट १९६७ ला जाऊन का थांबतं?

कुळागरवाला
परवाची गोष्ट सांगतो, मग तुम्ही सांगा माझं काय चुकतंय. आमच्या घराण्याचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, चाळीसेक माणसं, एरवी गुड मॉर्निंग आणि गणपतीची वर्गणी. बेंगळुरूच्या भाच्यानं विचारलं, शनिवारी रात्री अकराला मोपाच्या विमानतळावर उतरतोय, सोबत सासूबाई आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फोंड्याला यायला काय मिळेल. एवढंच. कोणीतरी म्हणालं अ‍ॅपवर बघ. आमच्या मावसभावाची टॅक्सी आहे, तो लगेच उठला, अ‍ॅपवाल्यांची वकिली घरात नको. मग तुम्ही मीटर का टाकत नाही, मग बाहेर राहून आम्हाला शहाणपण शिकवू नको, मग हे सरकार कोणी आणलं, मग मराठी की कोंकणी (टॅक्सीचा आणि भाषेचा संबंध काय तो देव जाणे), आणि मग मावसभावानं टाकलं, "तुझ्या आजोबानं जनमत कौलाला फुलाला मत दिलेलं, तू आमका गोंयकारपण शिकयतलो?" (म्हणजे गोवेकर असणं तू आम्हाला शिकवणार? आणि जनमत कौल म्हणजे १९६७ चा, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा संघप्रदेश ठेवायचा त्याचा; फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश.) त्याच्या खालचा मेसेज आजोबांच्या दुसऱ्या घराबद्दल होता, तो इथं लिहीत नाही.

मी नंतर बसून मोजले. ६३ मेसेज. टॅक्सीबद्दल पहिले सात.

माझं मत असं की राजकारण आलं म्हणून किंवा मोबाईल आला म्हणून हे होत नाही. एक प्रश्न येतो, "तूं खंयचो?", म्हणजे तू कुठला, आणि तिथं गाडी रुळावरून उतरते. तोवर भाड्याला भाडं म्हणता येतं, त्यानंतर भाडं, मीटर, रस्ता काहीही बोला, तुम्ही परीक्षेला बसलेले असता. म्हणून माझी सूचना, हा प्रश्न जो विचारेल तो आठ दिवस ग्रुपच्या बाहेर.

डिचोलीचा आयटीवाला
दादा, तुम्ही माणसांना दोष देताय, मशीनला सोडताय. फेसबुकनं २०१७ पासून रागाच्या इमोजीला एका लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, नुसत्या रागाला नाही, हसऱ्या, रडव्या सगळ्याच इमोजींना, पण राग सगळ्यात स्वस्त मिळतो ना. म्हणजे ज्या पोस्टवर लोक चिडतील ती जास्त लोकांना दिसणार. त्यांच्याच आतल्या लोकांनी सांगितलं की रागावाल्या पोस्टींत खोटं जास्त निघतं, तेव्हा हळूहळू वजन उतरवलं आणि २०२० ला शून्यावर आणलं, आणि हे सगळं बाहेर आलं २०२१ ला कागद फुटले तेव्हा. तीन वर्षं लोकांना शिव्यांची सवय लावली आणि आता आपण म्हणतो मावसभाऊ वाईट.

सोप्यावरचा म्हातारा
अरे पण त्यांचा ग्रुप व्हॉट्सॅपचा आहे! तिथं कुठलं मशीन वर-खाली करतं? जो मेसेज आधी आला तो आधी दिसतो, गावच्या पत्रपेटीसारखं. तुमचं फेसबुकचं औषध दुसऱ्याच्या रोगाला.

आणि मोबाईल नव्हता तेव्हा आम्ही साधुसंत होतो का? जनमत कौलाच्या वेळी मी नऊ वर्षांचा. मडगावहून 'राष्ट्रमत' निघायचं, विलीनीकरणाच्या विरोधात, आणि मजा बघा, मराठीत! उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' लिहायचे. पणजीचा 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा. आमच्याकडे दोन्ही यायचे, एक बाबांचा, एक काकांचा, आणि जेवताना दोघांच्या मध्ये आजी बसायची कारण नाहीतर आमटीची वाटी उडायची. वाड्यावर फुलवाले एका न्हाव्याकडे, दोन पानवाले दुसऱ्याकडे. एका न्हाव्याचा हात जड होता, तरी फुलवाले तिथंच जायचे, गाल कापून घ्यायचे पण पानवाल्याकडे डोकं देणार नाहीत.

आणि १९८६ च्या डिसेंबरात कोंकणी की मराठी या राजभाषेवरून जे झालं त्यात माणसं मेली बाबा. रस्त्यांवर झाडं आडवी. कुठलं इमोजी होतं तेव्हा?

नवा_पेडणेकार
विलीनीकरण चार-पाचशे मतांनी हरलं, तेही घोटाळ्यानं, म्हणून आज ही वेळ.

सोप्यावरचा म्हातारा
१६ जानेवारी १९६७. संघप्रदेशाला १,७२,१९१, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. मी स्वतः फुलवाल्याच्या घरचा, बाबा आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत, तरी आकडा तो आकडा. चार-पाचशे कुठून आणलास?

नवा_पेडणेकार
तुम्ही त्या बाजूचे दिसता. पोर्तुगीज पासपोर्ट केला की नाही अजून?

कुळागरवाला
बघा! बघा! आकड्याला उत्तर पासपोर्टनं. दोनच मेसेजमध्ये. मी हेच म्हणत होतो.

काळी-पिवळी
मी टॅक्सीवाला आहे. त्यांचा मावसभाऊ नव्हे, पण असतो तर मीही तेच बोललो असतो, थोडी भाषा बरी वापरली असती एवढंच.

कुळागरवाले बाब, "तूं खंयचो" विचारणं तुम्हाला अपमान वाटतो कारण तुम्हाला कोणी उत्तर विचारलं तरी तुमचं काही जात नाही. माझे दोन ट्रक होते, खनिजाचे. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द केल्या, मार्चमध्ये सगळं थांबलं. ट्रक कोण घेणार, भंगाराच्या भावात गेले. त्यातून आणि बँकेतून गाडी घेतली. आणि त्याच वर्षी अ‍ॅप आलं. आता बेंगळुरूला एसीत बसलेला कोणी स्क्रीनशॉट टाकतो की बघा तिकडे किती स्वस्त, तर मी विचारणारच की बाबा तू कुठं बसून बोलतोस. ही शिवी नाही. कोण बोलतो त्यावर बोलण्याचं वजन ठरतं. डॉक्टरनं सांगितलं मीठ कमी खा आणि शेजाऱ्यानं सांगितलं मीठ कमी खा, एकच का ते?

तुम्ही तो प्रश्न बंद केलात तर ज्यांना सभ्य भाषेत लिहिता येतं तेच जिंकणार. आम्ही मराठी टाइप करायलाच उशिरा शिकलो.

डिचोलीचा आयटीवाला
पण मग तुम्ही मीटरवर बोला ना. तो स्क्रीनशॉट खरा की खोटा?

काळी-पिवळी
खरा. पण सीझन संपल्यावर पावसाळ्यात चार महिने माझी गाडी उभी असते त्याचा स्क्रीनशॉट नसतो. हप्ता बारा महिने.

बार्देसची वहिनी
सगळे पुरुष बोलून झाले असतील तर मी बोलते.

कुळागरवाल्यांचं गणित माझ्याबाबतीत लागूच होत नाही. मला कोणी "तूं खंयची" विचारतच नाही, मी ज्या वाड्यावर जन्मले तिथून दोन वाडे सोडून दिली, सगळे ओळखतात. तरी पंचायतीच्या ग्रुपवर म्हादई नदीच्या पाण्याचा विषय निघाला आणि मी लिहिलं की लवादानं ऑगस्ट २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलंय, महाराष्ट्राला १.३३, तर "सगळं पाणी नेलं" असं लिहू नका, जे आहे तेवढ्यावर भांडूया, ते पुरेसं वाईट आहे. उत्तर काय आलं? "वहिनी, गॅसवर हुमण ठेवलंय काय, करपतं बघा." खाली अकरा हसरे चेहरे. त्यातला एक माझ्या दिराचा.

म्हणजे प्रश्न कुठला याचा नाही. आकड्याला उत्तर नसलं की हाताला जे लागेल ते फेकतात, टॅक्सीवाल्याला इंग्रजी, बेंगळुरूवाल्याला भायलो (बाहेरचा), मला हुमण. तुम्ही एक शब्द बंद कराल, ते दुसरा शोधतील.

आणि काळी-पिवळी भाऊ, तुमचं पटतं पण अर्धंच. कोण बोलतो ते बघा जरूर, पण आजोबानं कोणत्या चित्रावर शिक्का मारला त्यानं भाच्याच्या सासूचा गुडघा बरा होणार होता का?

काळी-पिवळी
नाही वहिनी. तिथं तो चुकला.

नवा_पेडणेकार
असल्या बायकांमुळेच कर्नाटकाचं फावतं. हे लिहिणं गुन्हा आहे, आयटी कायद्याच्या ६६अ खाली सायबर सेलला देतो.

सोप्यावरचा म्हातारा
पोरा, ६६अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला मारून टाकलं. मेलेल्या कुत्र्याला भुंकायला लावू नको.

डिचोलीचा आयटीवाला
वहिनींचं वाचून माझं मत थोडं हललं पण पूर्ण नाही. ते अकरा हसरे चेहरे बघा. तिंट्यावर, चारचौघांत, कोणी तुम्हाला असं बोललं असतं तर हसणाऱ्याला तुमच्या तोंडाकडे बघून हसावं लागलं असतं, दिराला तर घरी जेवायला यायचं होतं. इथं अंगठा दाबला की झालं. म्हाताऱ्यांच्या जेवणात मध्ये आजी होती हो. ग्रुपमध्ये अ‍ॅडमिन असतो आणि तो झोपलेला असतो.

सोप्यावरचा म्हातारा
आजीचा मुद्दा बरा काढलास. पण आजी दोघांना गप्प करायची, दोघांत बरोबर कोण हे तिनं कधीच सांगितलं नाही. बाबा आणि काका वारले तरी तो हिशेब तसाच.

मडगावची
मी सगळं वाचलं वरपासून खालपर्यंत, डोकं दुखायला लागलं, पण मला एक कळलं नाही. तो भाचा शेवटी फोंड्याला आला कसा? रात्री त्या वेळेला काय मिळतं हे मलाही हवंय, पुढच्या महिन्यात आई येतेय.

कुळागरवाला
अरे हो. ते राहिलंच.

बार्देसची वहिनी
राहिलं म्हणजे? मूळ प्रश्न तोच होता ना?

कुळागरवाला
खरं सांगू का, मलाही माहीत नाही. ६३ मेसेज मोजले पण ते बघितलं नाही. थांबा, त्याला फोन करतो.

कुळागरवाला
केला. म्हणाला, "मामा, तुमच्या नावापुढे दोन निळ्या टिका दिसत होत्या, पहिल्याच मेसेजला. तुमची गाडी घरी होती ना?"

काळी-पिवळी
होती काय?

कुळागरवाला
होती.