पन्नाशीतल्या रॅपरने अजून बंदुकाच मिरवायच्या का?

काल भांडी घासताना अमेरिकन रॅपर जे-झीचा २०१७चा '४:४४' हा अल्बम पुन्हा ऐकला. सत्तेचाळिशीतला गडी बायकोची माफी मागतो, आई समलैंगिक आहे हे मोकळेपणाने सांगतो. १९९६च्या पहिल्या अल्बममधला, ब्रुकलिनमध्ये ड्रग्ज विकणारा पोरगा तो हाच! कुकर तसाच हातात राहिला. बाकीचे कधी मोठे होणार?

प्रतिसाद १:
कशाला व्हायचं? रॅपर पुशा टी २०२२मध्येही कोकेनवरच लिहीत होता. पण ओळ बघा, कशी धार लावलेली!

प्रतिसाद २:
रॅपर आंद्रे ३०००ने २०२३मध्ये अख्खा अल्बम बासरीवर काढला. रॅप शून्य. घ्या उत्क्रांती.

धागाकर्ता:
पुशाचं मान्य, धार आहेच. बासरीही लावली होती. बायको आतून ओरडली, "योगाचा क्लास लावलास की काय?"