करून शिकण्याचा कोर्स आखतोय, सल्ला हवा

बोरू:
सर्वेक्षण कसं करावं यावर १२ आठवड्यांचा कोर्स तयार करतोय, आठवड्याला दोन तास. वर्गात पदवीची मुलं असतील आणि नोकरी सांभाळून शिकणारी चाळिशी-पन्नाशीची मंडळीही. व्याख्यानं कमी, प्रत्यक्ष काम जास्त असं डोक्यात आहे. उपक्रमांची यादी काढली तर वीसेक निघाले! शिक्षणतज्ज्ञ कोल्बचं अनुभवातून शिकण्याचं चक्र यात बसवायचं कसं आणि गुण कशाला द्यायचे?

पाऊलवाट:
वीस? चार ठेवा. कोल्बने १९८४ मध्ये मांडलेल्या चक्रात अनुभव, त्यावर विचार, त्यातून सूत्र आणि सूत्र वापरून पुन्हा प्रयोग असे चार टप्पे आहेत. बहुतेक कोर्स पहिल्यातच दमतात, चौथा तर वेळापत्रकात नसतोच.
पहिल्या आठवड्यात काही न शिकवता प्रश्नावली लिहायला लावा आणि थोड्या लोकांना विचारून येऊ द्या. ‘पगार आणि कामाच्या वेळा यांबद्दल समाधानी आहात का?’ असा प्रश्न हमखास कुणीतरी लिहितं. उत्तर ‘नाही’ आलं, तर नाही कशाला, पगाराला की वेळांना? हे उत्तरं मोजायला बसल्यावरच टोचतं. असे एकात दोन कोंबलेले जोडप्रश्न आणि उत्तर सुचवणारे सूचक प्रश्न तेव्हा शिकवा. मग तीच प्रश्नावली दुरुस्त करून नव्या लोकांकडे. उपक्रमाला जितका वेळ, निदान तितकाच नंतरच्या चर्चेला.

तिरपा डोळा:
इतकं मोकळं सोडू नका हो. नवशिक्यांना अपुऱ्या मार्गदर्शनावर सोडण्याविरुद्ध कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये जोरदार लिहिलं होतं. मुद्दा साधा आहे: नवशिक्याची सगळी शक्ती वाट शोधण्यातच जाते, शिकायला उरत नाही. नमुना निवड, म्हणजे कुणाकुणाला विचारायचं ते ठरवणं, तरी सोडवलेल्या उदाहरणांनीच शिकवा.
आणि कोल्बच्या शिकण्याच्या शैलींची चाचणी वर्गात वाटू नका. शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरावा तुटपुंजा आहे.

पाऊलवाट:
नमुना निवडीचं मान्य. प्रश्नावलीचं नाही. तिथली चूक स्वस्तात पडते, आधी करू द्या.

उशिराची शाळा:
मी नोकरदारांना शिकवते. ‘चला, एक खेळ खेळू’ म्हटलं की चेहरे पडतात. हे कशासाठी, ते आधी सांगा. प्रौढांच्या शिक्षणावर लिहिताना नोल्स यांनीही हेच आग्रहाने मांडलंय. सर्वेक्षणाचा विषय त्यांच्या कामातला घ्या, पण सहकाऱ्यांची नावं वर्गात येणार नाहीत हा नियम पहिल्याच दिवशी करा.
मिश्र गटात एक हमखास होतं: अनुभवी माणूस ठरवणार, मुलं नुसती टाइप करणार. भूमिका दर फेरीला बदला.

तिरपा डोळा:
+१. गुणांचं राहिलंच. सर्वेक्षण किती छान झालं याला गुण नकोत. पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्यात काय बदललं, का बदललं, याला द्या. ‘खूप शिकायला मिळालं’ छापाच्या चिंतनवह्या वाचून कंटाळा येतो. काय झालं, त्याचा अर्थ काय, आता काय करणार, एवढे तीनच प्रश्न ठेवा.

बोरू:
आणि गटात फुकट बसणारे?

तिरपा डोळा:
प्रत्येकाला पाच मिनिटं समोर बसवा. प्रश्नावलीतला कुठलाही प्रश्न दाखवून विचारा, हा असाच का लिहिला?

बोरू:
हे जमेल. यादीतले सोळा आजच खोडतो, आराखडा इथेच टाकेन.