घरून काम करायचं तर राहायला भाग कोणता निवडावा?

निशिगंध
नोकरी तीच आहे, पण दोन वर्षांपासून कायमची घरून. सध्याचं घर ऑफिसला जवळ पडावं म्हणून घेतलं होतं. आता तो मुद्दाच उरला नाही आणि पुढच्या महिन्यात भाडेकरार संपतोय. दोन जागा बघून ठेवल्यात. एक जुन्या गजबजलेल्या वस्तीत, मोठ्या रस्त्याला लागून, खाली उतरलं की सगळं हाताशी. दुसरी शहराच्या कडेला, नवीन वसाहतीत. घर दीडपट मोठं आणि शांतता भरपूर. भाडं सारखंच. माझी टीम समुद्रापलीकडे, त्यामुळे कॉल रोज संध्याकाळी साडेसहा ते दहा. मी एकटी राहते. सगळे म्हणतात, 'तुला कुठे रोज जायचंय, घे ते मोठं घर.' पटतंय, पण सही करायचं धाडस होत नाहीये. तुम्ही जागा घेताना नेमकं काय बघितलंत?

वायरवाला
आधी नेट. फायबर थेट घरात येतं, की इमारतीपर्यंत येऊन पुढे तांब्याची वायर टाकली आहे, हे तिथे राहणाऱ्याला विचारा. विकणारा डाउनलोडचा आकडा सांगेल, तुम्हाला अपलोडही तितकाच महत्त्वाचा. एका एचडी व्हिडिओ कॉलला साधारण 3-4 एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळायला हवेत. फायबरची एक लाइन बहुधा 32 किंवा 64 घरांत वाटलेली असते आणि तुमच्या कॉलच्या वेळीच सगळे घरी येऊन व्हिडिओ लावतात. म्हणून वेग तपासायचा तो रात्री साडेआठला, सकाळी अकराला नाही. राउटर आणि फायबरचा डबा मिळून एखाद्या बल्बइतकीच वीज खातात. दोन्हींना छोटा यूपीएस लावा.

तिसरं_बिऱ्हाड
पाच वर्षांत तीन घरं बदलली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं घर रविवारी संध्याकाळी पाहिलं. चिडीचूप. मालक म्हणाले, इथे पानही हललेलं ऐकू येतं. सोमवारी सकाळी शेजारच्या प्लॉटवर पाया खणायचं यंत्र सुरू झालं, आणि पुढे चौदा महिने तिथे काही ना काही ठोकणं चालूच होतं. मालक खोटं बोलले नव्हते. ते सकाळी नऊला बाहेर पडायचे ते रात्री आठला परतायचे, त्यांच्या कानांपुरती ती वस्ती खरोखर शांत होती. बाहेर नोकरीला जाणाऱ्याला आपल्या वस्तीची दुपार ठाऊकच नसते. तेव्हापासून मी चौकशी करतो ती दिवसभर घरी असणाऱ्यांकडे: निवृत्त माणसं, वॉचमन, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे. शेवटच्यांइतकं खरं कोणी सांगत नाही.

त्या धसक्याने दुसरं घर अगदी तुमच्या दुसऱ्या पर्यायासारखं घेतलं. मोठं, कडेला, शांत. कामही छान व्हायचं. पण काहीही आणायचं तर गाडी काढावी लागे, म्हणून सगळं घरपोच मागवायला लागलो. सहा महिन्यांनी एकदा दाराशी ठेवलेल्या बुटांवर बोट फिरवलं तर धूळ आली हाताला. पडद्यावर दिवसभर माणसं दिसत होती, पण समोरासमोर कुणाशी बोलून चार दिवस झाले होते. मी फार घाबरलो त्या दिवशी. रे ओल्डेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1989 मध्ये 'तिसरी जागा' अशी कल्पना मांडली: घर पहिली, कामाचं ठिकाण दुसरी, आणि जिथे सहज जाऊन बसता येतं, ओळखीचे चेहरे भेटतात ती तिसरी. आपली पहिली आणि दुसरी एकाच टेबलावर आलीये. मग तिसरी पायी गाठता आली नाही तर घराचं दार उघडायला कारणच उरत नाही.

आता जुन्या वस्तीत, रस्त्यालगतच राहतो. आवाजाचं सांगतो, कारण तिथेच लोक फसतात. वाहता रस्ता म्हणजे आवाजाची लांबच लांब रेघ. त्याच्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तरी आवाज जेमतेम 3 डेसिबल उतरतो. पण मधे अख्खी इमारत आली की बराच अडतो. म्हणून रस्ता किती लांब आहे यापेक्षा कामाची खोली कुठल्या बाजूला उघडते ते बघा. रस्त्याच्या आवाजाची सरासरी 53 डेसिबलच्या आणि रात्रीची 45 च्या खाली असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सुचवलंय. फोनवरचं अ‍ॅप तंतोतंत मोजत नाही, पण दोन घरांची तुलना करायला एकच फोन पुरतो.

माझी कामाची खोली मागच्या बाजूला आहे. पुढच्या खोलीत रोज धूळ पुसावी लागते, ते मी मान्य केलंय.

दोन्ही मालकांना विनंती करून एक-एक संध्याकाळ लॅपटॉप घेऊन बसा. कॉल तिथूनच करा.

उत्तररात्र
वरचं सगळं पटलं, पण शहराच्या कडेचं घर माझ्यासाठी बरोबर ठरलं. माझ्याकडे कुत्री आहे, तिच्यामुळे दिवसातून तीनदा बाहेर पडणं होतं आणि वसाहतीत ओळखी झाल्या. शिवाय कामाला दार लावता येईल अशी वेगळी खोली मिळाली. पलंगाशेजारी टेबल होतं तोवर काम कधी संपलं ते कळायचंच नाही.

तुम्ही एकट्या आहात म्हणून सांगते: तुमचा दिवस दहाला संपतो. साडेतीन तास बोलल्यावर पाय मोकळे करावेसे वाटतील ते त्या वेळी. तेव्हा सव्वादहाला दोन्हीकडे फाटकातून निघून दहा मिनिटं चालून बघा. दिवे किती आहेत, माणसं कोण आहेत, आपण मागे वळून बघतोय का.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्यात दोन्हीकडे बसून आले.

कडेच्या घरी नेट उत्तम, आवाज जवळजवळ नाही. सव्वादहाला खाली उतरले, दुसऱ्या वळणानंतर दिवेच नव्हते, परत फिरले. जुन्या वस्तीत हॉलमधून कॉल केला तर टीममधल्या दोघांनी विचारलं, कुठे प्रवासात आहेस का? मग मागच्या लहान खोलीत गेले. तिथे त्याच फोनवर 14 डेसिबल कमी. खोली इतकी लहान की टेबल आणि खुर्ची, बस्स. पण दार आहे. रात्री कोपऱ्यावरच्या बाकावर दोन बायका बोलत बसल्या होत्या, त्यांनी आपणहून विचारलं, नवीन आलात का?

मालकांना फोन करणार आहे. अजून काही विचारायचं राहिलंय का?

तिसरं_बिऱ्हाड
एक. त्या मागच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? मोकळा प्लॉट असेल, तर तिथे काय बांधायचं ठरलंय आणि कधी, ते सही करण्याआधी विचारून घ्या.