दोन साहेबांचा कारभार: मॅट्रिक्स रचना कंपनीत खरोखर चालते का?

पानापक्कड: एकाच कर्मचाऱ्याने विभागप्रमुखालाही उत्तर द्यायचे आणि प्रकल्पप्रमुखालाही, ही मॅट्रिक्स रचना कागदावर देखणी दिसली तरी प्रत्यक्षात रुजत नाही, असे माझे मत आहे. स्वीडनची आसेआ आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोव्हेरी यांच्या १९८८ मधील विलीनीकरणातून एबीबी ही वीज-उपकरणे बनवणारी कंपनी उभी राहिली. तिचे तेव्हाचे प्रमुख पर्सी बार्नेविक यांनी तेथे देश आणि व्यवसायक्षेत्र असे दोन अक्ष आखले, त्यामुळे एखाद्या देशातील ट्रान्सफॉर्मर कारखान्याचा प्रमुख त्या देशाच्या प्रमुखाला आणि जगभरच्या ट्रान्सफॉर्मर व्यवसायाच्या प्रमुखाला, अशा दोघांनाही बांधील झाला. या रचनेचे गोडवे खूप गायले गेले. पण १९९८ मध्ये बार्नेविक यांचे उत्तराधिकारी योरान लिंडाल यांनीच ती मोडीत काढली.

ताळेबंद: दहा वर्षे चाललेल्या व्यवस्थेला अपयश म्हणणे मला पटत नाही. ग्राहकाला आपल्या देशातला माणूस हवा असतो, पण नव्या डिझाइनचा खर्च एकेका देशाला झेपत नाही. हा पेच रचना मोडल्याने सुटत नाही, एका बाजूचे म्हणणे फक्त ऐकू येईनासे होते. शिवाय बार्नेविक यांनी अबॅकस नावाची एकच हिशेबप्रणाली सर्वत्र लागू केली होती, म्हणजे दोन्ही प्रमुखांसमोर आकडे तेच असत.

पानापक्कड: आकडे तेच असले तरी ओढ वेगळी असते. मी एका कंपनीच्या डिझाइन विभागात असताना प्रकल्पप्रमुखांना तारीख गाठायची होती आणि विभागप्रमुखांना प्रत्येक ड्रॉइंग नव्या मानकांनुसार हवे होते. माझे अप्रेझल विभागप्रमुखांच्या हाती होते, तेव्हा मी आधी कोणाचे काम केले असेल, हे सांगायला नको. प्रकल्प रखडला आणि जाब मात्र प्रकल्पप्रमुखांना विचारला गेला.

ताळेबंद: हा दोष अप्रेझलचा आहे, मॅट्रिक्सचा नव्हे. मूल्यमापनावर दोघांचीही सही घ्यावी, आणि तारखेबाबत अंतिम शब्द प्रकल्पप्रमुखाचा, मानकांबाबत विभागप्रमुखाचा, असे काम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

पानापक्कड: दोन सह्यांचे मान्य. परंतु मानक पाळण्यामुळेच तारीख चुकत असेल, तर तो प्रश्न तारखेचा धरायचा की मानकाचा? आमच्याकडे अडले होते ते नेमके तिथेच.