दुर्बिणीतून आतड्याचं ऑपरेशन आणि दुसऱ्याच दिवशी जेवण?

द्राक्षबाग: बाबांचं (वय ६८, शुगर आहे) मोठ्या आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, दुर्बिणीतून. डॉक्टर म्हणतात ईआरएएस पद्धतीने (ऑपरेशननंतर पेशंट लवकर सावरावा म्हणून ठरवलेली काळजी) करू, म्हणजे भुलीच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल, संध्याकाळी खुर्चीत बसवणार, दुसऱ्या दिवसापासून खाणं आणि चालणं. इकडे आत्या हटून बसलीय की आजोबांना गॅस सुटेपर्यंत पाण्याचा थेंब दिला नव्हता, यांना बेड रिकामा करायची घाई झालीय. छेद छोटे म्हणून एवढं फास्ट का?

वॉर्डवाली_ताई: आत्याबाईंचं चूक नाही, तेव्हा सगळीकडे तसंच होतं. पण आतडं सुस्त पडतं ते नुसतं कापल्यामुळे नाही, मॉर्फिनसारखी औषधं आणि भरमसाट सलाईन यांनी पण पडतं. म्हणून या पद्धतीत ती दोन्ही कमी, लघवीची नळी लवकर काढायची, च्युइंगम सुद्धा देतात चघळायला. शुगर आहे तर आदल्या दिवशीच्या गोळ्या आणि ऑपरेशनआधी देतात ते गोड पेय द्यायचं का हे भुलीच्या डॉक्टरांनाच विचारा, इथे विचारून करू नका.

चिमटा_कात्री: नव्वदच्या दशकात कोपनहेगनला हेन्रिक केलेट या सर्जननी हे सुरू केलं. छेद छोटा की ही काळजी, नक्की फायदा कशाचा हे बघायला नेदरलँड्समध्ये ९ हॉस्पिटलांत ४०० पेशंटवर अभ्यास झाला, २०११ला छापला. दुर्बीण अधिक ही पद्धत तर हॉस्पिटलात मुक्काम साधारण ५ दिवस, पोट उघडून जुन्या पद्धतीने ७. म्हणजे दुर्बिणीतून करून पेशंटला उपाशी झोपवून ठेवलं तर निम्मा फायदा वाया. बेड रिकामा होतो तो नंतर, आधी पेशंट बरा होतो.

पावसाळी_बेडूक: आईचं असंच झालं. दुसऱ्या दिवशी सलाईनचा स्टँड ढकलत पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होती, आम्हीच घाबरलो. पण मग पोट फुगून उलट्या झाल्या, नाकातून नळी घालावी लागली आणि डिस्चार्ज लांबला, तेव्हा तारखेवर अडून बसू नका. खाणं पचतंय, गोळ्यांवर दुखणं थांबतंय, स्वतः चालतायत, तरच घरी न्या. आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा नंबर आधीच मागून घ्या, घरी गेल्यावर ताप, वाढतं पोटदुखणं, नाडी जोरात असं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, गाठ काढून आतडं जिथे जोडलंय तो जोड गळत असू शकतो.

द्राक्षबाग: नंबरचं डोक्यातच नव्हतं. भुलीच्या डॉक्टरांकडे सोमवारी आत्यालाच घेऊन जाते, तिचे प्रश्न तिनेच विचारू देत 😅